मागं ऐकू आलं न्हाई

खण्णकन काहीतरी वाजलं आणि शिवकांताच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

तिनं कान दिला. दुधाच्या कॅनचं झाकण पडलं तर ते एकदाच आदळतं आणि गप होतं. हे गरगरत गेलं, उंबऱ्याला धडकलं, माघारी फिरलं आणि फरशीवर थरथर करत एकदाचं आडवं झालं. म्हणजे अर्ध्या लिटरचं माप. म्हणजे तो उठला.

दिवसातला एवढा एक कप तिचा स्वतःचा असायचा. नवरा पाण्याचा टँकर घेऊन उजाडायच्या आतच गेलेला, सासूबाई शांतादेवी आत पूजेला बसलेल्या, दूध घालणाऱ्या बायका यायला अजून अवकाश. त्या कपात ती साखर जरा जास्त टाकायची आणि कुणाला सांगायची नाही. आज दोन घोट झाले होते. कालच्यापेक्षा एक जास्त.

दारात अडीच वर्षांचं एक ध्यान येऊन उभं राहिलं. एका बाजूनं चपटे झालेले केस, कमरेला करदोडा, गालावर गोधडीच्या टाक्यांची नक्षी.

"बिस्कूट," ते म्हणालं.

शिवकांतानं पुडा उघडला, आणि इथंच तिचं चुकलं. झोप अपुरी झाली की हात आपल्या मनानं चालतात. तिनं बिस्कीट मोडलं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं.

त्यानं आपल्या अर्ध्याकडं पाहिलं. तिच्या हातातल्या अर्ध्याकडं पाहिलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला.

"जोड."

"अरे सोन्या, तेच बिस्कीट आहे. आधी हे खा, मग हे खा."

"जोड!"

"मोडलेलं कसं जोडू राजा? हे बघ, दुसरं आख्खं घे."

"ह्येच जोड!"

मग एक अर्धं मोरीत गेलं, दुसरं पाण्याच्या माठाखाली, आणि पोरगं फरशीवर. ती उचलायला वाकली तर आधी तिच्या तोंडावर चापट आली, मग केस ओढले गेले, आणि शेवटी त्यानं तिचं मनगट दातांत धरलं. परवाच्या खुणेच्या अगदी शेजारी, जणू तिथं जागा राखून ठेवली होती.

"उठले वाटतं मालक," आतून शांतादेवींचा आवाज आला. मंत्र मधेच थांबवून त्या बोलल्या. "आमच्या घरात असं तापट कुनी न्हवतं बाई. ह्याचा आजा म्हंजे निस्ती गाय. तुज्या माहेरचं असंल एखांदं."

शिवकांताचे वडील अंबाजोगाईला शाळामास्तर होते. डास मारायचा तर आधी त्याची माफी मागतील असा माणूस. पण हे सांगायला तोंड मोकळं लागतं. तिनं तेव्हा पदराचा बोळा दातांत धरला होता, कारण चावा जोराचा बसला होता आणि ती ओरडली की पोरगं आणखी बिथरायचं.

थोड्या वेळानं ते वादळ आपोआप शमलं. त्यानं तिच्या मनगटावरच्या दातांच्या ओळीकडं पाहिलं, त्यावर फुंकर मारली आणि अगदी काळजीनं विचारलं, "कुनी क्येलं?"

तिला हसू आलं. चहा तोवर गार झाला होता.

*

पोराचं नाव महारुद्र. ऐकणारे हसायचे आणि म्हणायचे, ठेवतानाच जरा विचार करायचा की! पण विचार करायचा प्रश्नच नव्हता. थोरल्या नातवाला आज्याचं नाव, ही कोऱ्यांच्या घरातली रीत. आजा महारुद्र कोरे यांचं गावात किराणा दुकान होतं. शिवकांता लग्न होऊन यायच्या आधीच ते गेले. आता त्याच दुकानाच्या खोलीत ते भिंतीवर फोटोत असतात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ओठ झाकणाऱ्या मिशा, आणि नजर थेट जुन्या गल्ल्याच्या जागेवर.

घोटाळा असा झाला, की नाव ठेवलं, पण ते घ्यायचं कुणी? शांतादेवी नवऱ्याचं नाव कशा घेतील? त्या नातवाला 'मालक' म्हणायच्या. शिवकांताचा नवरा गुरुलिंग जन्मभर वडिलांना 'आप्पा' म्हणत आलेला. त्यांचं नाव घेऊन 'ए महारुद्र, चड्डी घाल' म्हणायला त्याची जीभ वळेना, तेव्हा त्यानं पोरालाच आप्पा करून टाकलं. आणि शिवकांतानं सासऱ्याचं नाव तोंडानं घेणं तर लांबच, मनातल्या मनात घेतलं तरी तिचा हात पदराकडं जायचा. बारावी झालेली ती. असलं काही मानायचं नसतं असं तिचं स्पष्ट मत होतं. पण मत असणं वेगळं आणि शांतादेवी समोर बसलेल्या असताना तोंड उघडणं वेगळं. म्हणून मग सोन्या, राजा, बाळ, शहाण्या, आणि फारच झालं तर 'ए कार्ट्या'.

बारशाला नणंदेनं पाळण्यात वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं होतं. ते बिचारं तसंच कानात राहून गेलं.

*

दुकानाच्या खोलीत आता गावातल्या महिला दूध संस्थेची डेअरी होती आणि शिवकांता तिची सचिव. संस्था निघायच्या आधी चौकातला एक खाजगी दूधवाला दूध घ्यायचा. तो दूध तपासायच्या नळीत बघायचा, स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा आणि मनाला येईल तो भाव लावायचा. बायका त्याला पुटपुट्या म्हणायच्या. त्याला कंटाळूनच संस्था काढली, आणि पहिल्याच दिवशी चेअरमन भामाबाईंनी नियम घातला. नाव, माप आणि फॅट मोठ्यानं पुकारायचं. सगळ्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.

"भामाबाई सर्जेराव! तीन लिटर! फॅट सहा दोन!"

असं शिवकांता दोन्ही वेळा ओरडायची. आवाज जरा पडला की रांगेच्या शेपटाकडून कुणीतरी हटकून म्हणायचं, "मागं ऐकू आलं न्हाई!" ऐकू आलेलं असलं तरी म्हणायच्या. तो त्या रांगेचा मानच होता.

यंदा मात्र ओरडायला दूधच कमी. दोन पावसाळे कोरडे गेलेले. म्हशी उसाच्या वाढ्यावर, शेंड्याच्या पाल्यावर जगवायच्या, तेही विकतच्या. सिरसाळ्याकडून येणारी दुधाची गाडी आता कुरकुर करत होती, की दोन कॅन भरत नसतील तर गावात वळायला परवडत नाही. एक बाई तुटली तर दुसरा कॅन भरायचा नाही, कॅन भरला नाही तर गाडी येणार नाही, आणि गाडी आली नाही तर सगळ्यांनी पुन्हा चौकात जाऊन पुटपुट्यासमोर उभं राहायचं.

आणि नेमकं अशा दिवसांत महारुद्र जाईबाईला चावला.

जाईबाई बोलायला तिखट आणि चालायला घाईची. नाव पुकारल्याबरोबर ती चरवी घेऊन तरातरा पुढं निघाली, पायात पोरगं आलं म्हणून त्याला ओलांडून पाऊल टाकलं, आणि त्यानं तिची पोटरी धरली. चरवी सुटली. फरशीवर दूध, दुधात जाईबाई, आणि जाईबाईच्या पोटरीला महारुद्र.

"सोडवा गं कुनीतरी! दात हायत का आडकित्ता!"

दोघीतिघींनी ओढून त्याला सोडवलं. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. जाईबाई मात्र हसली नाही. भिजलेलं लुगडं पिळत ती म्हणाली, "माजी म्हैस लाथ मारती तर म्या समजून घेते. तिला चारा न्हाई, पानी न्हाई. ह्याला काय कमी हाय? परवा दगडाबाईला माप फेकून मारलं, आज मला चावला. उद्यापसून म्या चौकात घालीन दूध. त्यो पुटपुट्या पुटपुटतो, पर चावत तर न्हाई!"

हे ऐकल्यावर भामाबाईंचंही हसू थांबलं.

त्या संध्याकाळी दूध जमा झाल्यावर भामाबाई मुद्दाम मागं थांबल्या. साठीच्या, उंच, संस्थेसाठी तालुक्याला दहा चकरा मारलेल्या बाई. त्या खाली बसल्या आणि उगाच फरशीवरून हात फिरवत राहिल्या.

"शिवकांता, तुज्यासारखी सचिव मला मिळनार न्हाई. पर जाईबाई गेली की गाडी गेली. घरातच डेअरी, पोराला काय दाव्याला बांधनार हायस का? पाऊस पडूस्तोवर त्याला आंबाजोगाईला आईकडं ठेव. न्हाईतर पलीकडच्या गल्लीतल्या जालिंदरच्या ओसरीवर डेअरी न्यावी लागंल, आन तिथं दुसरी कुनीतरी बसवावी लागंल. तूच सांग बाई, मला तर दोन्ही बोलवंना."

शिवकांतानं शांतादेवींकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे चार म्हैने. आज्जी हाय तिथं, नळाला पानी हाय." आणि लगेच उठून आत गेल्या. जाताना त्यांनी उगाचच दोनदा नाक ओढलं.

गुरुलिंग दुपारी घटकाभर जेवायला यायचा. पापण्यांपर्यंत धुरळा. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला आणि म्हणाला, "आप्पाबिगर घरात कसं करमंल गं?"

"मग नको पाठवू म्हणता?"

"तसं कुटं म्हनलो. मला काय कळतंय त्यातलं. माजा टँकर थांबला तर दोन गावं बोंबलत्यात, एवडं कळतं." आणि पुढचा घास तोंडाकडं नेता नेता तो बसल्याबसल्याच झोपला. तिनं त्याच्या बोटांतला तुकडा हळूच काढून ताटात ठेवला. त्या घरात चावा न घेता झोपणारं माणूस पाहून तिला फार माया आली.

ठरलं. उद्या सकाळचं दूध झालं की पोराला घेऊन बसनं जायचं, त्याला आईकडं ठेवायचं आणि संध्याकाळच्या दुधाला माघारी यायचं.

*

दुपारी ती त्याची पिशवी भरायला बसली. दोन चड्ड्या, तीन सदरे, कानटोपी. उन्हाळ्यात कानटोपी कशाला, म्हणून काढली. आई घालील, म्हणून परत टाकली.

महिन्याभरापूर्वी ती त्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली होती. पोराच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना, एवढंच तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटंसुलटं तपासलं आणि म्हणाल्या, "ताई, पोरगं ठणठणीत आहे. डोक्यात भरपूर आहे आणि तोंडात शब्द थोडे. अडलं की दात पुढं येतात. तुम्ही झोपता का नीट?" ह्या प्रश्नावर शिवकांता जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. डॉक्टरीणबाईंनी मग तिलाच टॉनिक लिहून दिलं.

बाहेरच्या खोलीतून भांड्यांचा आवाज आला. आता काय फोडतोय म्हणून ती दाराशी गेली आणि तिथंच थांबली.

डेअरीच्या फरशीवर त्यानं रांग लावली होती. वाट्या, फुलपात्र, चहाची गाळणी, अर्ध्या लिटरचं माप, आणि सगळ्यात शेवटी त्याचा स्वतःचा पोचे पडलेला पितळी पेला. तो तिच्या जागेवर उभा होता, एक हात कमरेवर. तिची हुबेहूब नक्कल. आपण अशा उभ्या राहतो हे तिला आजच कळलं.

"भामाबाय छलजेलाव! तीन लितल! फ्यात छहा दोन!"

पहिली वाटी पुढं सरकली. मग धावत रांगेच्या शेपटाकडं जाऊन जाडाभरडा आवाज काढून, "मागं आयकू आलं न्हाय!" परत धावत पुढं. "जायबाय!" फुलपात्र सरकलं. "दगलाबाय!" गाळणी सरकली. एकेक करत सगळी रांग पार पडली आणि पेला तेवढा राहिला.

मग त्यानं तिची जागा सोडली. पेल्यामागं जाऊन शहाण्यासारखा मांडी घालून बसला, हात गुडघ्यांवर, आणि रिकाम्या जागेकडं बघत राहिला. त्याचा चेहरा इतका आशेनं भरलेला होता, की शिवकांतालाही वाटलं, आता तिथून कुणीतरी बोलणार.

तिथून कोण बोलणार होतं?

खालचा ओठ बाहेर आला. त्यानं पेला उचलला आणि भिंतीवर फेकून मारला.

शिवकांता दारातच खाली बसली आणि एकेक आठवू लागली. दगडाबाईला माप मारलं ते कधी? "बाजूला हो रे," म्हणून तिनं त्याला रांगेतून सारलं तेव्हा. जाईबाईला चावला ते कधी? तो तिच्या पायात आलाच नव्हता. तो हातात पेला घेऊन तिच्या पुढं उभा होता. ती त्याचा नंबर ओलांडून गेली होती. रोज सगळ्या गावाची नावं ह्या खोलीत गाजायची, आणि रोज रांग संपायची, आणि पेला राहायचा.

आणि दवाखान्यात! तिथं दारातल्या शिपायानं ओरडून पुकारलं होतं, "महारुद्र गुरुलिंग कोरे!" तिला 'हो' म्हणायला क्षणभर उशीर झाला, तेवढ्यात हा तिचा हात सोडून आत गेला, डॉक्टरीणबाईंपुढच्या स्टुलावर स्वतः चढून बसला, आणि तपासणी संपेपर्यंत कुणाला बोट लावलं नाही. नवल वाटलं होतं तिला. पण तिथल्या पंख्याच्या वाऱ्यानं शांत झाला असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

ती उठली. पेला उचलून त्याच्या हातात दिला. तो अजून मुसमुसत होता. तिनं तोंड उघडलं, आणि आतून शांतादेवी खोकल्या.

"चल सोन्या, भात खाऊ," ती म्हणाली.

झोपला तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी उघडल्या होत्या. जागेपणी त्या कधी उघड्या नसायच्या. तिनं त्या तळव्यांवर आपलं बोट ठेवून पाहिलं. पिशवी भरून दाराशी तयार होती.

*

सकाळी रांग लागली. जाईबाई आली होती. भामाबाईंनी 'आजच्या दिवस घाल, पोरगं चाललंय' म्हणून तिची समजूत घातली होती. पण ती सगळ्यात मागं उभी होती आणि तिच्या एका हातात चरवी, दुसऱ्या हातात म्हैस हाकायची काठी.

आतल्या दाराशी शांतादेवी बसल्या होत्या, शेजारी पिशवी.

दगडाबाई आणि सुभद्राबाई यांच्या मधे, त्यांच्या गुडघ्याएवढा, महारुद्र कोरे उभा होता. पेला दोन्ही हातांत धरलेला. माठातलं पाणी काठोकाठ भरून घेतलेलं.

"दगडाबाई म्हाळू! दोन लिटर! फॅट सहा!" शिवकांतानं पुकारलं. दगडाबाई पावती घेऊन बाजूला झाली. नेहमी ह्यापुढं सुभद्राबाईचं नाव यायचं. शिवकांता थांबली.

"ये सोन्या," ती म्हणाली. "तुझा नंबर."

तो हलला नाही.

"ये ना राजा. बाळ?"

खालचा ओठ बाहेर आला. सुभद्राबाईनं सावधपणे आपला पाय मागं घेतला. शिवकांताला कळत होतं, सोन्या काय, राजा काय, असं कुणाला कधी रांगेत पुकारतात का? नियम म्हणजे नियम. नाव लागतं. आणि तेही पूर्ण. म्हणजे सासऱ्याचं आणि वर नवऱ्याचंसुद्धा. एका दमात दोन्ही.

भिंतीवरून मिशा बघत होत्या. दारातून शांतादेवी बघत होत्या.

"महारुद्र..." ती म्हणाली. म्हणाली कसली, नुसते ओठ हलले.

ज्या बायका चावण्यावर हसल्या होत्या त्यांचे डोळे मोठे झाले. भामाबाईंनी तर तोंडावर पदरच घेतला. म्हैस हाकायची काठीसुद्धा जाईबाईच्या हातात गुमान उभी राहिली.

आणि कुणीतरी बोललं, "मागं ऐकू आलं न्हाई."

सगळ्या माना वळल्या. आवाज रांगेतून आला नव्हता. आतल्या दारातून आला होता. शांतादेवी कुणाकडंच बघत नव्हत्या. त्या फोटोकडं बघत होत्या.

"काय बगता माज्याकडं? नियम हाय न्हवं तुमच्या संस्थेचा?" त्या म्हणाल्या. "मग मोट्यानं म्हन की गं."

शिवकांतानं छाती भरून श्वास घेतला.

"महारुद्र गुरुलिंग कोरे!"

रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. महारुद्रानं मान वर केली. क्षणभर तो तसाच उभा राहिला, आपण ऐकलं ते खरं आहे की नाही ह्याची खात्री करत. मग निघाला. एक एक पाऊल जपून, जीभ बाहेर काढून, डोळे पेल्याच्या काठावर. एक थेंब सांडला नाही. आल्यावर त्यानं पेला दोन्ही हातांनी वर धरला.

शिवकांतानं तेवढ्याच गंभीरपणे दूध तपासायची कांडी पेल्यात सोडली. ती थेट तळाला टेकली.

दुधाच्या गाडीवरचा सुग्रीव दारात कॅनची वाट बघत उभा होता. त्यानं वाकून पाहिलं. "वैनी, ह्यात तर निस्तं पानी हाय. नापास!"

"गप रे सुग्रीव!" भामाबाई कडाडल्या. "यंदा दूध मिळंल, पानी मिळंना. तुजी गाडी तरी आनती का पानी? पास कर गं त्याचं."

"एक पेला! फॅट शून्य! पास!" शिवकांतानं पुकारलं.

"मागं ऐकू आलं न्हाई!" रांगेतल्या सगळ्याच एकदम ओरडल्या आणि हसू फुटलं. तिला पुन्हा पुकारावं लागलं, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला तर तिला मजाच वाटायला लागली. दाराशी फुटक्या डब्यात शांतादेवींनी जगवलेलं बेलाचं रोप होतं, त्याच्या बुडाशी तिनं ते पाणी जमा केलं.

रिकामा पेला परत मिळाल्यावर महारुद्र स्वतःहून बाजूला झाला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि पुढच्या सगळ्या बायकांची नावं होईपर्यंत तिथंच राहिला. शेवटी जाईबाई आली. काठी पुढं करून, भिंतीच्या बाजूनं लांबचा वळसा घेऊन.

"जायबाय," तो तिला म्हणाला, "ये. तुजा नंबल."

"आत्ता गं बया! मलाच बोलावतंय!" जाईबाई म्हणाली. पण काठी तिनं खाली ठेवली.

*

चरव्या रिकाम्या झाल्या तरी त्या सकाळी बायका लवकर हलल्या नाहीत.

"शांतादेवी, खरं सांगू का," भामाबाई म्हणाल्या, "आज वाटलं दुकान उगडलं. ह्याच दारात हुबं ऱ्हाऊन समदं गाव वरडायचं, महारुद्रआप्पा, साखर द्या, महारुद्रआप्पा, त्याल द्या."

"व्हय," शांतादेवी म्हणाल्या. "किती सालांनी कानावर पडलं." त्या फोटोकडं बघून जरा हसल्या.

"आन ते आतून वरडायचे, रांगेत ऱ्हावा!" भामाबाईंनी पुढं जोडलं. "कुनी मधी घुसलं की मापच फेकून मारायचे. आमच्या घरधन्याच्या कपाळाला अजून खोक हाय!"

शिवकांतानं हळूच वळून सासूबाईंकडं पाहिलं. "आत्याबाई, नुसती गाय होती म्हणे?"

"गप बस," शांतादेवी म्हणाल्या. "तवाची मापं हलकी असायची." आणि पिशवी उचलून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं शिवकांता आत गेली तर दोन चड्ड्या, तीन सदरे आणि कानटोपी खुंटीवर परत टांगलेली होती.

भामाबाईंनी आठवडाभर बघायचं ठरवलं. त्या आठवड्यात तो एकदाच चावला, सुग्रीवला. पण सुग्रीवनं त्याला 'ए पिंट्या' म्हटलं होतं, आणि जाईबाईनं सगळ्यांसमोर निवाडा दिला, की चूक सुग्रीवची. डेअरी जागेवर राहिली. दूध दोन कॅनच्या काठाशी कसंबसं पोचत राहिलं. बिस्कीट मोडलं तर आजही फरशीवर लोळण असते, आणि मोडलेलं बिस्कीट कसं जोडायचं हे शिवकांताला अजून सापडलेलं नाही. शांतादेवी अजून 'मालक'च म्हणतात, गुरुलिंग 'आप्पा'च. पण सकाळ-संध्याकाळ एकदा, रांगेत, तो महारुद्र गुरुलिंग कोरे असतो, आणि तेवढं त्याला पुरतं.

एका संध्याकाळी गाडी गेल्यावर शिवकांता कॅन पुसत होती. शांतादेवी सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. महारुद्र त्यांच्या मांडीला टेकून भिंतीकडं बघत होता.

"ह्ये कोन?" त्यानं बोट केलं.

"तुजा आजा."

"नाव?"

शांतादेवींनी सुनेकडं पाहिलं. "सांग गं. आता काय, सराव झालाय तुला."

"महारुद्र," शिवकांता म्हणाली. पदराकडं हात गेला नाही हे तिचं तिलाच जाणवलं.

त्यानं फोटो बराच वेळ न्याहाळला. विभूती, डोळे, मग मिशा. मिशांखाली काय आहे ते दिसतं का म्हणून खालून वाकून पाहिलं. मग तो आईकडं वळला.

"आई, ह्यो म्हालुद्ल बी चावायचा?"

शिवकांतानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं सासूबाईंकडं पाहिलं. शांतादेवींनी मान खाली घातली, पदर तोंडाशी धरला आणि सुपातल्या निवडलेल्या तुरीत जोरजोरात खडे शोधायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"आई, सांग की! चावायचा का?" तो म्हणाला, आणि एक हात कमरेवर ठेवला. "मागं आयकू आलं न्हाय!"